वसई पडली त्या सालचं बातमीपत्र

सतराशे एकोणचाळीस साली आम्ही जिंकलो की हरलो, हे आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचं अजून ठरलेलं नाही. मराठी म्हणून जिंकलो, चर्चला जाणारे म्हणून हरलो. असलं घोळाचं साल सापडणं म्हणजे माझ्यासारख्या नाटक्याला मेजवानीच.

शारजात रोल्लाला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आमचं वसईकरांचं संमेलन भरतं. तिथे मी दरवर्षी एक जुनं साल पकडतो आणि त्या सालच्या घडामोडी टीव्हीच्या बातम्यांसारख्या सादर करतो. दिग्दर्शक मी, निवेदक मी, आणि माझ्या विनोदावर पहिला हसणाराही मीच. त्या वर्षीचा बेत झकास होता. दिल्लीहून आमची वार्ताहर ओरडणार, की इराणचा बादशहा शहर लुटून मोराचं सिंहासन घेऊन निघालाय आणि ते एक्सेस बॅगेजमध्ये बसेल का याची चौकशी चालू आहे. मग थेट वसई. वेढा, सुरुंग, धूर. शेवटी किल्ला खाली करणारा फिरंगी कप्तान, आणि त्याच्यापुढे शरणागतीच्या अटी वाचणारा मराठ्यांचा वकील. वकील अर्थातच मी.

कप्तान म्हणून मी अंकलना घेतलं. अंकल आमच्याच शिपिंगच्या ऑफिसात, दुबईत देराला. सव्वीस वर्षं मालाच्या कागदपत्रांचं काम. उंच, शिडशिडीत, लग्नातला काळा सूट अजून अंगात बसतो. बायको वारलेली, एकुलती मुलगी इथेच वाढलेली, बारावीत. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. तिचा व्हिसा बापाच्या व्हिसावर, म्हणजे बापाची नोकरी गेली की परीक्षेआधीच तिचंही बोचकं बांधायचं.

आणि नोकरी गेलेली होती. हे अंकलना माहीत नव्हतं, मला होतं, कारण ऑफिसातले व्हिसाचे कागद मी बघतो. मॅनेजरने बजावलं होतं, नव्या बाईला अंकल काम शिकवतायत ते होऊ दे, मग लेटर दे. अंकल रोज माझ्या टेबलाशी यायचे.

"काय रे, माझ्या रिन्युअलचं?"

"इन्शाल्ला, अंकल."

"इन्शाल्ला म्हणजे आपलं 'देवाची इच्छा', की इथल्या ऑफिसांचं 'बघू'?"

मी खो खो हसायचो. मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. म्हणजे फक्त चौघांना. ते चौघे संमेलनाला येणार होते आणि मॅनेजर तर प्रमुख पाहुणा. मग माझ्यातला लेखक सुटला. कप्तानाला वाचून दाखवायच्या अटी मी आमच्या ऑफिसच्या भाषेत लिहिल्या. 'आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार. किल्ल्याला आपली गरज उरलेली नाही. चाव्या, शिक्का आणि मेडिकल कार्ड जमा करावं. मुदत आठ दिवस.' आठ दिवसांची मुदत इतिहासातली, बाकी माझं. लिहिताना मी एकटाच टेबलावर थापा मारून हसलो होतो.

रविवारी हॉल भरलेला. दिल्ली लुटली, टाळ्या. सुरुंग उडाले, म्हणजे दोन फुगे फोडले, टाळ्या. मग अंकल आले. कमरेला पडद्याची लाल पट्टी, डोक्यावर कोणाच्या तरी साहेबी टोपीला खोचलेलं पीस, चालण्यात अशी ऐट, की मलाच क्षणभर वाटलं, किल्ला यांनाच ठेवू द्यावा. मी कागद उलगडला आणि आवाज लावला. 'मेडिकल कार्ड'ला आमच्या ऑफिसचं टेबल हसून कोसळलं. एक जण खुर्चीवरून घसरला. अंकलही हसले, विनोद कळला म्हणून.

पुढे कप्तान सही करतो. मी कागद आणि पेन पुढे केलं.

आता एक सांगायला हवं. जहाजाच्या मालाच्या पावतीवर खऱ्या अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या असतात. म्हणून अंकल कुठलाही कागद, लग्नपत्रिकासुद्धा, आधी उलटून बघायचे. आणि आमच्या ऑफिसात एका बाजूने वापरलेले कागद फेकत नाहीत, ते प्रिंटरमध्ये पुन्हा जातात. मी अटी तशाच एका कागदावर छापल्या होत्या. मागे काय आहे ते मी बघितलं नव्हतं.

मागे त्यांच्या लेटरचा कच्चा मसुदा होता. पासपोर्टावरच्या पूर्ण नावानिशी.

अंकलनी तो वाचला. सावकाश, खालपर्यंत. लोकांना वाटलं, काय अभिनय! शिट्ट्या आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेत मोबाइलवर बापाचा व्हिडिओ घेणाऱ्या मुलीकडे.

"अटी मान्य नाहीत," ते म्हणाले. हे वाक्य संहितेत नव्हतं. "मला मार्चपर्यंत मुदत हवी."

मला सगळं कळलं होतं. पण हॉल श्वास रोखून होता, आणि असा हॉल आयुष्यात किती वेळा मिळतो? मी छाती काढून म्हणालो, "आठ दिवस, कप्तान!"

काय टाळी पडली म्हणता!

अंकल रंगमंचावरून खाली उतरले. पहिल्या रांगेत मॅनेजरसमोर उभे राहिले, टोपी काढली. "सर, मार्च तक. बेटी का एक्झाम है."

मॅनेजर केरळचा, मराठीचं अक्षर कळत नाही, पण खेळकर माणूस. नाटकात आपल्यालाही ओढलं म्हणून खूश झाला. हात उंच करून ओरडला, "नो मर्सी! खलास!"

लोक उभे राहिले. फक्त मुलीचा मोबाइल खाली आला. "पप्पा, व्हॉट एक्झाम? माय एक्झाम?"

अंकलनी मसुदा मॅनेजरच्या मांडीवर ठेवला. मॅनेजरने तो बघितला आणि त्याचं हसू जे थांबलं, ते आधी त्याच्या टेबलाचं थांबलं, मग शेजारच्या टेबलाचं, मग दरवाजापर्यंत. त्याने वळून मला भर सभेत विचारलं, "यू टोल्ड हिम?"

मी मान हलवली, नाही म्हणून. ते खरंही होतं.

"ऑफिस का बात ऑफिस में," म्हणाला आणि केक न कापता गेला.

सोमवारी सकाळी त्याने अंकलना आत बोलावलं. दहा मिनिटांत ते बाहेर आले आणि आपला ड्रॉवर रिकामा करू लागले. नवी बाई मदत करायला उठली, त्यांनी तिला बसवलं आणि उरलेली एक फाइल समजावून सांगितली. मी आत गेलो. मॅनेजर चिडलेला होता, पण दुष्ट नव्हता. म्हणाला, हा माणूस मला लिफ्टमध्ये भेटून एकदा म्हणाला असता, तर परीक्षेपर्यंत ठेवलं असतं. पण ऐंशी माणसांसमोर मला कसाई केलं, आता मी वाकलो तर उद्या प्रत्येक जण स्टेजवर चढेल.

हे अंकलना सांगायची काहीच गरज नव्हती. पण तोंडात आलेली गोष्ट गिळायची मला सवय नाही. शिवाय मला वाटलं, आपण स्वतःहून सांगितलं तर तेवढंच आपलं ओझं कमी. मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि सगळं सांगितलं. मागच्या बाजूचा कागद, मॅनेजरचं लिफ्टवालं वाक्य, चौघांना सांगितलं होतं तेही. माझा आवाज चांगला लागला होता, मधे एकदा थोडा कापलाही.

अंकलनी शेवटपर्यंत ऐकलं. शिक्क्याची शाई बोटाला लागली होती, ती रुमालाने पुसली.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "जायच्या दिवशी तुला माफ करून निघायचं ठरवलं होतं मी."

आणि ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे न देता नव्या बाईकडे दिली.