एका प्रवेशापुरती माणसं

फुकट काम करायला आलेल्या माणसाला कामावरून काढून टाकणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच आहे आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्संची सगळी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे वाकडी रेघ दिसली की त्यांना शारीरिक त्रास होतो. हॉटेलात गेल्या की आधी मेनूकार्डाचं शुद्धलेखन तपासतात आणि त्यानंतरही भूक उरली असेल तर काहीतरी मागवतात. एकदा सोसायटीच्या फलकावर कुणीतरी 'दहानंतर पाणि येणार नाही' असं लिहिलं होतं. वन्संनी घरून खडू आणून वेलांटी दुरुस्त केली, जरा लांब उभं राहून ती पाहिली, आणि वर येऊन नळ सोडला तेव्हा पाणी गेलेलं होतं. दिवसभर त्या कोरड्या बादलीकडे समाधानाने बघत होत्या.

निवृत्तीनंतर त्यांनी एक संकेतस्थळ काढलं. वेबसाइट म्हटलेलं त्यांना चालत नाही. हौशी नाटकांमध्ये एकाच प्रवेशापुरते आलेले नट हा त्याचा विषय. तार घेऊन येणारा पोस्टमन, दुसऱ्या अंकात पंचनामा करून जाणारा हवालदार, चहाचा ट्रे ठेवून विंगेत नाहीशी होणारी मोलकरीण. "नायकाचं नाव सगळेच लिहून ठेवतात, पोस्टमनचं कोण लिहिणार?" असा त्यांचा सवाल असे. त्यासाठी त्या पेठापेठांतून हिंडल्या, अनोळखी दारांच्या बेल वाजवल्या, जुने फोटो मागून आणले, आणि त्यांची नक्कल संगणकावर घेऊन मूळ फोटो ज्याचा त्याला त्याच दिवशी परत केला. अशी सातशेच्या वर पानं झाली. दिसायला ते सगळं रेशनकार्डासारखं होतं. पण एखाद्या घरी नातवंडांनी आजोबांचा हवालदाराच्या वेशातला फोटो पहिल्यांदा पाहिला की तिथून वन्संना फोन येई, आणि तो दिवस वन्संचा बरा जाई.

मग एके दिवशी एक इंग्रजी मेल उघडला गेला. संकेतस्थळाला फुकट जागा देणारी परदेशी कंपनी ती सेवाच बंद करत होती. तिने तीनदा कळवलं होतं. वन्संना तिन्ही वेळा ती जाहिरात वाटली होती. हातात दहा दिवस उरले होते. घरातला जुना संगणक आदल्या वर्षीच कायमचा बंद पडला होता, म्हणजे जे काही होतं ते फक्त संकेतस्थळावरच होतं. त्या संध्याकाळी वन्संनी मंडईतून पिशवीभर भाजी आणली आणि एकाही भाजीवाल्याशी हुज्जत घातली नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली. 'हौशी नाटकांचं संकेतस्थळ दुसऱ्या जागी हलवायला रचनाकार हवा. मोबदला नाही. कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.' एवढं वाचूनही माणसं आली, हे या शहराचं मोठेपण. पहिले आले ते आयटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. "ताई, हल्ली एवढं कुणी वाचत नाही," ते म्हणाले, "नावं निम्मी करू, वर एखादं हलतं चित्र टाकू." वन्संनी विचारलं, "आपला चहा झाला ना? मग निघा." दुसरे एक प्राध्यापक होते, ते वाघोलीहून दोन तास गर्दीत अडकून आले. दिलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं गेलं. मी नुसती दिवस मोजत होते.

तिसरी आफरीन. मंडईच्या मागच्या गल्लीत तिचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, आणि सवड मिळेल तशी ती संकेतस्थळंही बनवते. चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. एका दिवसात तिने नमुन्याचं पान तयार करून आणलं. मला ते फार आवडलं. वन्संनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'भुमिका'.

"ज्यांना भूमिका लिहिता येत नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या भूमिका सांभाळायला घेऊ नयेत," वन्सं म्हणाल्या.

आफरीनने लॅपटॉप बंद केला. "ठीक आहे, मावशी," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

चार दिवस उरले होते. त्यानंतर कुणी आलं नाही. संसाराच्या बावीस वर्षांत मी वन्संना उलटून बोलले नव्हते, त्या दुपारी बोलले. "वन्सं, एका उकारापायी तुम्ही सातशे माणसं बुडवणार आहात." त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. सकाळी पाहिलं तर चपला घालून दारात उभ्या. "चल, मंडईपर्यंत जाऊन येऊ."

आफरीनने आम्हाला बघून मान हलवली आणि छपाईचं यंत्र चालूच ठेवलं. त्या खडखडाटात वन्सं बराच वेळ पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "उकार चुकला होता, ते खरंच आहे. पण माझंही चुकलं."

आफरीनने यंत्र थांबवलं. "दोन्ही मान्य," ती म्हणाली. "पण आता सजावट वगैरे होणार नाही. आहे ते नुसतं उपसून काढायचं, तेही होईल तेवढं. फोटो तिथून उतरवून घ्यायला फार वेळ लागतो. आधी कोणती पानं घ्यायची, तेवढं तुम्ही सांगा. आणि काम संपेपर्यंत काही वाचायचं नाही."

वन्संनी तिथेच कागद घेतला आणि नावं लिहायला सुरुवात केली. मी विचारलं, "कोणत्या क्रमाने?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "ज्यांच्या घरी आता कुणी उरलेलं नाही, ते आधी."

पुढचे तीन दिवस त्या दुकान उघडायला जात आणि बंद करून येत. मी डबा पोचवायची. दोघी एकमेकींशी नावांखेरीज काही बोलत नसत. आफरीन एकेक पान उतरवी आणि वन्सं त्या नावापुढे खूण करत. परदेशातली ती तारीख आपल्याकडे दुपारी साडेबाराला संपते, असं आफरीनने हिशेब करून सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी अकरानंतर तिने गिऱ्हाइकं परत पाठवली. सव्वाबाराला नऊ नावं उरली होती, मग पाच, मग दोन. बरोबर साडेबाराला पडदा पांढरा झाला. आफरीनने पुन्हा दोनदा प्रयत्न करून पाहिला.

"एकच राहिलं, मावशी. यादीतलं अगदी शेवटचं. कुणाचं होतं?"

वन्सं यादीची घडी घालत होत्या. "माझं," त्या म्हणाल्या.

त्या कधी रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. आफरीनने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "सांगा, मी नव्याने पान करते. काय काम होतं तुमचं?"

"शेजारीण. एकच वाक्य होतं." आणि त्या दुकानात, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसल्या बसल्या वन्सं ते बोलल्या. "विरजण आहे का हो घरात?" तो आवाज वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा होता. आफरीनने ते तसंच टाइप केलं.

त्या पानावरचा फोटो मात्र गेला तो गेलाच. ज्यांच्याकडून तो आणला होता, ते गृहस्थ आता हयात नाहीत आणि त्यांचं घर रिकामं झालं आहे. हल्ली वन्सं आपणहून कधीतरी त्या प्रयोगाबद्दल सांगतात. परवा म्हणाल्या, शेजारणीच्या कामात त्या आंबा रंगाची साडी नेसल्या होत्या. मागच्या महिन्यात ती साडी जांभळी होती. मी दोन्ही वेळा "छान दिसत असाल" म्हटलं, आणि दोन्ही वेळा वन्सं खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाल्या.