पुसलेली पायली

पौषातला पहिला सोमवार, साल एकावन्न. आमच्या खळ्यावर धान भरला आठ खंडी. हजर होतो पाच जण: मी, माझे वडील, सरकारसाठी लेव्हीचा धान वसूल करायला आलेले साहेब, त्यांचा चपराशी आणि मापारीमामा. त्या दिवसाचा हिशेब मी दाण्यादाण्याने बरोबर केला. आयुष्यात तेवढी मोठी चूक पुन्हा केली नाही.

मापारीमामांनी कधी ‘एक’ म्हटले नाही. दवनीवाड्याच्या आसपास कुणाचीही रास असो, उकिडवे बसून पहिली पायली ओतताना ते ‘लाभ’ म्हणत; मग दोन, तीन. एवढा शुभ बोलणारा माणूस पायली खाली ठेवली की थेट जगबुडीवर यायचा. “यंदा भात खाऊन राहिलो, बापू. पुढच्या साली पेज. त्याच्या पुढच्या साली पेजेची वाफ. अन् वाफेवरही लेव्ही लागंल, मोजाले मलेच बोलावतीन.”

आमचाच धान गोंदियाच्या गिरणीतून कणी होऊन रेशनच्या दुकानात परत यायचा. दुसऱ्यांनी आणलेली ती कणी मामा ओंजळीत घेऊन खडे वेचत. “गोंदियाले जाऊन आला, अन् संगं सोयरे घेऊन आला!” लोक हसत. “हसा. पुढं देशात तीनच जाती राहतीन. कार्डवाले, बिनकार्डवाले अन् उंदीर. उंदीर सगळ्यात मोठे. त्याइच्या बिळात साहेब जात नाही.” मामा स्वतः बिनकार्डवाले. कार्डाला पाटलाची शिफारस लागे, आणि मामांचा अर्ज दोन वर्षे पाटलाच्या खिशात होता. शेत नाही, खंडीमागे एक पायली ही मापाची मजुरी, त्यावर नवराबायकोचे वर्ष.

नियम असा होता की माणशी ठरलेल्या पायल्या आणि बियाणे घरी ठेवायचे, उरलेली रास सरकारची. मामांनी पायली भरली आणि माझ्याकडे पाहिले. “बापू, शीग ठेवू का पुसू?”

घरासाठी मोजताना पायलीवर धानाचा ढीग राहू द्यायचा, ती शीग. विकताना हाताने पुसून सपाट करायचे. ही आमच्याकडची रीत. शीग ठेवली असती तर तेवढ्याच पायल्यांत घरी जास्त धान राहिला असता. मामा मला वाट दाखवत होते. पण आकड्यांचा मला तेव्हाही गर्व. साहेबांसमोर मोठ्याने म्हणालो, “पुसून. बरोबर माप पाहिजे.”

मामांनी पुसले.

शेवटी त्यांच्या आठ पायल्या मी टोपलीत काढल्या. साहेब म्हणाले, “ये किसका है?”

“मापाऱ्याची मजुरी.”

“घर का आदमी है? कार्ड में नाम है?”

“नाही.”

“तो वापस डालो.”

चपराशाने टोपली राशीत उलटी केली. मामा हात झटकत उठले. “टाका, साहेब. देश भुका हाय. आठ पायल्यात भागंल त्याचं.”

घरच्या वाट्यातून द्यावे म्हणून मी हिशेब केला. खाणारी माणसे सात. धान आषाढापर्यंतही पुरत नव्हता. शीग ठेवली असती तर आठ पायल्या सहज निघाल्या असत्या. म्हणालो, “पुढच्या पिकाला देतो, मामा.”

“पुढच्या पिकाले मी कायले राहतो?”

त्यांचे आणखी एक भाकीत, असे समजून मी हसलो.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या खळ्यावर मामांनीच मोजले. तिथे पायलीवर शीग मावेना आणि साहेबांच्या ताटात कोंबडी मावेना. साहेब गेल्यावर पाटलाने नियमावर बोट ठेवले आणि मामांची मजुरी खाल्ली. मोठी खळी गावात दोनच, आणि नियम पाळणारेही दोघेच निघाले, पाटील आणि मी. दोघांनी मिळून एका माणसाचे वर्ष पुसले.

फाल्गुनात मामा आणि मामी मोहफुले वेचायला सालेकशाच्या जंगलात गेली. विकायला नव्हे, उकडून खायला. ज्येष्ठात मामी एकटीच परतली. कागदावर हगवण लिहिली आहे. रिकाम्या पोटाला कागदावर रकाना नसतो. कुणी मला मामांच्या गमती सांगा म्हणाले की माझे डोके फिरते. त्या गमती नव्हत्या. तो माणूस आम्हांला तारखेसकट सांगत होता, आणि आम्ही दात काढत होतो.

पुढच्या पौषात, साहेब यायच्या आधी, मी मामीला खळ्यावर बोलावले. स्वतः उकिडवा बसलो, ‘लाभ’ म्हणालो आणि पायलीवर राहील तेवढी शीग ठेवली. मामीने हात पुढे केला. तळव्याने शीग सपाट पुसली आणि सांडलेला धान माझ्या राशीकडे लोटला.

“मामी, राहू द्या ना.”

“काऊन? पुसूनच द्या, बापू. तुमाले बरोबर माप लागते.”

आठही वेळा तिने तसेच केले. दिल्या आठ पायल्या, पुसून. घेणार, मापारीमामी.