चालू राहिलेला नळ

लेक डॉक्टर व्हायला गेली तो देश सोव्हिएत संघ फुटून झालेला. त्याचं नाव घेताना गारखेड्यातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीची जीभ अडखळायची, म्हणून सगळ्यांनी एकमताने त्याला रशिया ठरवून टाकलं. तिथे निवडणुकीच्या निकालावरून जाळपोळ सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा शेजारीण निर्धास्तपणे म्हणाली, "बरं झालं बाई, तुमची रशियात आहे." आज लेक घरी आहे म्हणून हसू येतं. तेव्हा मी त्या बाईला चहासुद्धा विचारला नाही.

ते दुष्काळाचे दिवस होते. शहर मात्र जोमात वाढत होतं, आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या पाटीवर चोवीस तास पाणी वाहत होतं. आमच्या नळाला ते आठवड्यातून एकदा यायचं, तेही मेहेरबानी केल्यासारखं. त्या दिवशी आम्ही कुकरसुद्धा भरून ठेवायचो. अशा घरातली ही पोर. कुणाकडे पाहुणी गेली तरी गळणारी तोटी आवळून यायची.

सासरे, म्हणजे आबा, अजिंठ्याकडचे. जन्म मेंढरांमागे गेला, चारा संपला तशी मेंढरं विकून आमच्याकडे आले. निवडणुकीत हरलेल्यांच्या गल्लीत टँकर येत नाही, हे त्यांचं राजकारणाचं ज्ञान. फोन लागताच त्यांनी नातीला विचारलं, "तुमची गल्ली कोणाकडून व्हती गं? पानी येतंय का?"

"आबा, इथं चोवीस तास येतं," ती हसली.

म्हणजे बघा. तिकडे लोकांनी निकाल धुडकावला, सरकारी कचेऱ्या पेटवल्या, तरी नळ चालू. इकडे आम्ही निकाल मुकाट मानला, निवडून आलेल्याला हार घातले आणि हंडे घेऊन टँकरमागे धावलो. दंगल करायला आम्हाला सवड कुठली, तेवढ्यात टँकर निघून जायचा!

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. बाहेर शांत आहे, जेवण झालं, काळजी करू नको. मागे नळ धो धो वाहत असायचा. आबा खूश. "आयकायला बी लई बरं वाटतंय," म्हणायचे आणि फोनचा स्पीकर लावायला सांगायचे.

एका संध्याकाळी बोलणं लांबलं, तरी नळ वाहतच होता.

"भांडी घासतेस का?"

"नाही."

"मग कपडे?"

"नाही गं."

ही पोरगी उगाच नळ सोडून ठेवणारी नव्हती.

"नळ बंद कर."

"राहू दे ना, आई."

"बंद कर म्हणते ना!"

नळ बंद झाला. आणि तिच्या खिडकीखालचं सगळं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. आरडाओरडा, काचा फुटल्याचा आवाज, मग धाडधाड काहीतरी. त्यात तिचा श्वास, रडू दाबून धरलेला.

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सोड, बाई," ते म्हणाले. "नळ सोड. वाहू दे पानी."