एकतीस तारखेची पाहुणी

शमीमआपा गेली ती माझ्याच घरी, एकतीस तारखेला, पान लावता लावता. अडकित्ता हातात, सुपारी अर्धी कातरलेली... मला वाटलं डुलकी लागली. तिला जाऊन आता महिना होत आला.

तेल्हाऱ्याच्या उर्दू मास्तरांची ती लेक. अमरावतीत आमची भिंतीला भिंत. मी जेमतेम सातवी, शब्दांचा नाद मला तिनंच लावला. एकदा माझ्या सासूबाई तिच्याबद्दल कौतुकानं म्हणाल्या, "मोठी गरीब हाये बिचारी." ती हसली आणि मग मला सांगत बसली, की तुमच्या मराठीत गरीब म्हणजे गाय, मारली तरी शिंग न उगारणारी. आमच्या उर्दूत ज्याच्या खिशात काही नाही तो. पण अब्बा सांगायचे, मूळ अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून लांब पडलेला. मगरिब, म्हणजे सूर्य बुडतानाची नमाज, तीही त्याच मुळातली. म्हातारपणी नातीच्या मोबाइलवर तुर्की मालिका पाहून तिनं आणखी भर घातली: तिकडं गरीब म्हणजे विचित्र. "एका शब्दाले किती गावं फिरा लागले, पाह्य," म्हणाली.

मग नवरा वारला, लेकांनी घर विकलं आणि तीही फिरू लागली. एक महिना मोठ्याकडे अकोल्याला, एक महिना धाकट्याकडे इथं अमरावतीत. महिना म्हणजे तीस दिवस, असं दोघांचं ठरलेलं. एकतीस तारीख कोणाचीच नाही. ज्याची पाळी संपली तो त्या सकाळी तिला माझ्या दारात सोडायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी न्यायचा. डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा पिशवीत नसत. ज्यानं आणले, त्याच्याच घरी राहत. सुनांना पानाचा वास चालत नाही म्हणून पानदान माझ्या फडताळात.

"काहून सहन करतं आपा?" मी चिडायची. ती पानाला चुना लावत म्हणायची, "महिनाभर मी मराठीतली गरीब. एकतिसाले अरबीतली."

ती गेली त्या दिवशी दोघंही लेक आले. आत बायकांनी तिला आंघोळ घातली, कफन नेसवलं, आणि हे दोघं माझ्या अंगणात उभे. मयत कोणाच्या घरून उठवायची?

"मेरा तो कल खतम हुआ," मोठा म्हणाला.

"और मेरा कल लगता," धाकटा.

मशिदीतली माणसं घड्याळ पाहू लागली. शेवटी मीच म्हटलं, "इथूनच न्या. आज ते माही हाये." दोघांच्या तोंडावर जी सुटका दिसली, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मगरिबनंतर जनाजा माझ्या दारातून निघाला. खांदा द्यायला मात्र दोघं सगळ्यांच्या पुढे... मोहल्ला बघत होता ना.

पानदान अजून फडताळातच आहे, आत ती अर्धी सुपारी. काल ते पुसायला घेतलं, तर बाहेर माझा थोरला मोर्शीला राहणाऱ्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होता. "दिवाळीपावतर राहू दे माह्याकडे. मंग तू ने आईले."

मी अडकित्ता आवाज न करता आत ठेवला. आपा, एकतिसाले मी कोणाकडे जाऊ?