मुठीनं मोजलेलं दुखणं

माझ्या धाकट्या जावेला नागीण झाली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण डाव्या कुशीतली आग काही गेली नाही. चोळीचा काठ घासला तरी ती दात आवळायची. पाच महिने धड झोप नाही. अंगावर काहीच दिसत नव्हतं, म्हणून घरातले म्हणायला लागले की हे मनाचं आहे. मीही एकदा तसं बोलले.

शेवटी बिद्रीजवळच्या आमच्या गावातून तिला घेऊन मी शहरात, राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे गेले. ते फक्त जुनाट दुखणी बघतात. त्यांनी विचारलं, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही. किती दुखतं?"

"दोन," जाऊ म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "दोनच असेल तर गोळ्यांवर भागेल. जास्त असेल तर मणक्याजवळ इंजेक्शन द्यावं लागेल. पण ते उगीच द्यायचं नसतं." कापड कुशीला लागू नये म्हणून ती खुर्चीत वाकडी बसली होती. तिचा आकडा आणि तिचं बसणं जुळत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं दुखणं मोजतात म्हणाले.

त्या दारावर 'मानसशास्त्र' लिहिलं होतं. मी चौथी शिकले, जाऊ तिसरी. तेवढं आम्हा दोघींना वाचता येतं. ती दारातच थांबली.

"अक्का, मला येडी ठरवाय आणलंस व्हय?"

"येडी असतीस तर सुखी असतीस. चल आत."

आत तिशीची एक बाई होती. तिचं पहिलं बोलणं असं, "मावशी, वाकडं बसून बरं वाटतं ना? मग तसंच बसा." शिकलेल्या माणसांत अशी नजर मी फार कमी बघितली.

तिनंही आकडा विचारला. पुन्हा दोन. मग मला राहवलं नाही.

"बाई, हिला किती म्हणून इचारू नका. भाकरी किती वाढू म्हटलं तरी ही अर्धीवर हात आडवा धरती. आमच्यात तशीच रीत हाय. भूक असली तरी बास म्हणायचं."

"मग काय परक्या माणसात बसून दहा मागू?" जाऊ म्हणाली.

दुसरी कुणी असती तर हसली असती. हिनं ते वहीत लिहून घेतलं आणि आकडे सोडून दिले. मुठीत धरून दाबायचं एक यंत्र काढलं, त्याला काटा होता. मग सारख्या दिसणाऱ्या बाटल्या मांडल्या. आत वाळू कमीजास्त. एकेक बाटली जावेच्या डाव्या हातात द्यायची आणि म्हणायचं, जेवढी जड वाटते तेवढं उजव्या मुठीनं दाबा. नंतर कानाला हेडफोन लावून लहानमोठे आवाज ऐकवले, तेही तसंच मुठीनं दाबून सांगायचे. हात खरं सांगतो की नाही, ते आधी तपासायला लागतं म्हणाली.

हात खरं सांगत होता. चाळीस वर्षं म्हशींची धार काढलेला हात तो. कुठं किती जोर लावायचा, हे त्याला तोंडापेक्षा जास्त कळतं.

मी मध्येच म्हटलं, "रिकाम्या किटलीत पेलाभर दूध पडलं की हाताला कळतं. भरल्या किटलीत पडलं तर कळत न्हाय."

"हेच, मावशी," ती म्हणाली. "हेच मोजण्यात मोठमोठ्या माणसांनी जन्म घातले." दुसऱ्याला आतून काय वाटतं, हे मोजायला कुणी जन्म घालतं हे मला माहीतच नव्हतं. आम्ही एका घरात राहून ते कधी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "आता कुशीत आग आहे तेवढं दाबा."

जावेनं डोळे मिटले. काटा सगळ्यांत जड बाटलीच्या पुढं गेला, सगळ्यांत मोठ्या आवाजाच्याही पुढं गेला. बोटांची पेरं पांढरी पडली.

"अजून हाय," ती म्हणाली, "पर हातात जोर न्हाय."

थोडा दम खाऊ दिल्यावर बाईनं विचारलं, "भीती कशाची वाटते? तेवढंही दाबा."

"लोक येडी म्हणत्यात, त्याची." काटा आगीच्या जवळपास गेला. मी खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत बसले.

"ज्या नसेवर नागीण आली ती नस दुखतेय, मावशी," बाई म्हणाली. "त्याला वेड म्हणत नाहीत." तिनं कागद लिहून डॉक्टरांकडे दिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि इंजेक्शन द्यायचं ठरवलं. वर सांगितलं, पंधरा दिवस धार काढायची नाही.

जावेनं संमतीचा कागद मागं सरकवला. "मग नको. म्हशी कोण बघणार?"

"मी काढतो धार," मी म्हटलं.

"तुझं गुडघं वाकत न्हाईत. आन् माझी म्हस तुला पान्हा सोडंल व्हय?"

"न सोडून सांगंल कुणाला? तू सई कर."

तिनं कागद पुढं ओढला आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं.