मोजणी चुकलेला मापारी

किलो येण्याआधीची, पायलीने धान्य मोजायची ती वर्षं. पाचोऱ्याच्या बाजारातल्या त्या मापाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दरसाल घरची ज्वारी मात्र त्याच्याच हातून मोजून घेई. पहिल्या पायलीला आमच्याकडे ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. तो ते गाऊन म्हणे आणि पुढे एकही आकडा चुकवत नसे.

त्या दिवशी निम्मं पोतं भरलं तरी त्याचं आपलं प्रत्येक पायलीला ‘लाभ!’

“डोकं फिरलं का रे? उद्यापासून येऊ नको!” दुकानाचे शेठ गादीवरून ओरडले.

तो पायली छातीशी धरून हसत सुटला. “भाऊ, मनी पोर आज चालनी! तीन वरीसनी शे. बठ्ठा म्हनेत, नही चालाव!”

सगळ्यांनी ‘चालणार नाही’ म्हटलेली त्याची तीन वर्षांची मुलगी चालली होती. मला एकच प्रश्न सुचला. “किती पावलं?”

“पाच! सहाव्याले पडनी, नि मीबी तिनासंगे पडनू!”

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी तीन मुलं चालायला लागली. पण एकाचीही पावलं मी मोजली नव्हती.

“शेठ, इतका पक्का मापारी तुम्हाला मिळायचा नाही,” मी म्हणालो. “पुन्हा मोजू द्या.”

शेठनी हसू दाबत स्वतःच पोतं उलटं केलं.