आधी काट्यावर या

सकाळी आल्या आल्या भाऊ कपाटातून तांदळाची शिवलेली पिशवी काढायचे आणि वजनकाट्यावर ठेवायचे. काट्याने बरोबर दहा किलो दाखवले की मान डोलवायचे, पिशवी परत कपाटात जायची आणि दारातल्या पहिल्या पेशंटला हाक जायची, "या, आधी काट्यावर या." तांदूळ त्यांच्या घरचा. दर उन्हाळ्यात पिशवी बदलायचे, कारण किड्यांनी तांदूळ खाल्ला तर दहा किलो दहा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तोंडावर हसायचो. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, बघा आठवून.

आमचं केंद्र गोंदियातलं, कॅन्सरच्या पेट स्कॅनचं. मी तिथे नर्स, भाऊ सगळ्यात जुने टेक्निशियन, मूळचे देवरीकडचे. पेट स्कॅन म्हणजे काय ते भाऊ पेशंटला सांगायचे तसंच सांगते. शिरेतून किरणं सोडणारी साखर टोचायची. अंगात जो भुकेला असेल तो ती खातो आणि पडद्यावर चमकतो. कॅन्सर फार खादाड, म्हणून सापडतो. साखर किती टोचायची ते वजनावर ठरतं. जास्त टोचली तर चित्र झटपट मिळतं, पण किरणंही अंगात जास्त जातात. कमी टोचली तर मशीनला थांबून बघावं लागतं, नाहीतर चित्र रवाळ येतं. "साखर कमी, वेळ जास्त," हा भाऊंचा हट्ट, आणि दहा पेशंट बाहेर ताटकळत असले तरी तो सुटायचा नाही.

त्यातून चमकायला कॅन्सरच लागतो असंही नाही. काल शेतात भाताची रोवणी करून आलेल्या बाईचे खांदे आणि कंबर चमकतात. भाऊ अशा बाईला दोन दिवसांनी या म्हणायचे, आणि ती चिडायचीच. "एवढ्या दुरून आली मी, वापस कायले धाडता?" भाऊ शांत. "बाई, मशीनले मेहनत आन् रोग सारखेच दिसतेत."

खर्ऱ्याची, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीची, गोष्ट तर विचारूच नका. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं असतं. अर्जुनीकडच्या एका काकांनी तो तास गालात खर्रा घोळवत काढला आणि पडद्यावर त्यांचा जबडा दिवाळीसारखा उजळला. तेव्हापासून दारात स्टीलचा डबा आला. प्रत्येकाची पुडी भाऊ त्यात ठेवायचे, वर पेनाने नाव लिहून. काका पुढच्या खेपेला आले तेव्हा कुरकुरले, "काऊन बाप्पा, पोलीस ठाणं हाय का हे?"

"वापस भेटते ना काका. जबड्याले दोन घंटे सुट्टी द्या."

आता माझी चूक सांगते.

जानेवारीचे दिवस होते आणि भाऊ पुतणीच्या लग्नाला रजेवर. देवरीच्या पुढच्या एका जंगलगावातून एकोणीस वर्षांची मुलगी आली, सोबत वनमजूर वडील. तिला मानेतल्या आणि छातीतल्या गाठींचा कॅन्सर होता. औषधाचे पहिले डोस झाले होते. ते लागू पडतंय की नाही, हे त्या स्कॅनवरून कळणार होतं. पडत नसेल तर याहून कडक औषध द्यावं लागणार होतं, आणि ते सोसण्याइतकं त्या पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं.

साखर रोज नागपूरहून गाडीने येते आणि तिच्यातली किरणं मिनिटामिनिटाला विरत जातात. त्या दिवशी गाडी उशिरा आली, घाई झाली. मी तिला काट्यावर उभंच केलं नाही. जुन्या कागदावर बेचाळीस किलो होते, तेच लिहिले. वर तिला एसीच्या खोलीत एका पातळ शालीत बसवून ठेवलं. ती लाजाळू, काही बोलली नाही.

पडद्यावर तिच्या मानेच्या दोन्ही बाजू खांद्यापर्यंत चमकत होत्या. डॉक्टर म्हणाले, "रोग तसाच दिसतोय. तसंच लिहावं लागेल." फक्त सही व्हायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले आणि चित्रासमोर उभे राहिले.

"ताई, हिचं वजन कोनी केलं?"

मी जुना कागद पुढे केला.

"हिले थंडी वाजून राहिली होती का?"

तेव्हा मला आठवलं. दोन्ही हात काखेत घालून बसली होती पोर. ओठ निळसर पडले होते आणि मी ते पाहूनही पुढच्या पेशंटकडे वळले होते.

भाऊ डॉक्टरांकडे गेले. "सर, दोन्हीकडं सारखंच हाय पाहा. तरण्या, बारीक अंगाले थंडी लागली का मानेतली चरबी साखर जाळते, ऊब कराले. हा रोग नसंल. परत पाहू."

डॉक्टर चकित झाले. "एक थेंब जास्त नको म्हणून तुम्ही माझ्याशी भांडता, आणि याच पोरीला पुन्हा किरणं?"

"अर्धाच डोस देऊ. फक्त मान आन् छाती पाहू. मशीनले दुप्पट वेळ द्या."

"आणि चित्र खराब आलं तर?"

"तं माझं नाव लिवा."

वडील रिपोर्ट न्यायला आले होते. पुन्हा स्कॅन म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. भाऊंनी त्यांना बाकावर बसवलं. "आमच्याकडून चूक झाली दादा. पोरगी थंडीत बसली. उद्या उपाशीपोटी घेऊन या." चूक माझी होती आणि ते 'आमच्याकडून' म्हणाले. ते मी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या सकाळी पिशवी ठेवून काटा तपासला, मग मुलगी उभी राहिली. चौतीस किलो. तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला. परवा तिला आठ किलोची साखर जास्त टोचली गेली होती. एसी बंद केला, हीटर लावला. भाऊंनी घरून आणलेली दुलई तिच्या गळ्यापर्यंत ओढली, पायांत लोकरीचे मोजे चढवले. तासाभराने तिच्या कपाळावर घाम आला तेव्हा म्हणाले, "आता चल बेटा."

मशीन सावकाश चाललं. बाहेरचे पेशंट कुरकुरले, आत कुणी हललं नाही. मग चित्र आलं, स्वच्छ, रव्याचा मागमूस नाही. मान अंधारी होती आणि छातीही. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं आणि टेबलावर हात आपटला. "क्या बात है! औषध लागू पडलंय!" मी तिथेच रडले, अगदी उघडउघड. वडिलांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले. भाऊ मुलीला विचारत होते, "नाश्ता काय खाशीन?"

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी भाऊंच्या हस्ताक्षरातला तक्ता भिंतीवर लावला, कुठल्या वजनाला किती साखर आणि किती मिनिटं. कागदावरचं वजन आता आमच्याकडे कुणी लिहीत नाही.

पुढे दुसऱ्या जिल्ह्यात नवं मशीन आलं आणि ते बसवून लोकांना शिकवायला भाऊंना बोलावणं आलं. ते गेले. जाताना पिशवी माझ्या हातात दिली. आता सकाळी काट्यावर ती मी ठेवते, आणि नवी माणसं मला हसतात.

उपचार संपल्यावर ती मुलगी शेवटच्या स्कॅनला आली. तो स्कॅनही स्वच्छ निघाला, हे आधीच सांगून टाकते. पण सांगायचं आहे ते काट्याचं. ती न सांगता चप्पल काढून काट्यावर चढली. मी आकडा पाहिला आणि तशीच भाऊंना फोन लावला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस."

"काटा तपासला होता?"

"तपासला. पिशवी बरोबर दहा."

मग ते एवढ्या मोठ्याने हसले की मुलीलाही फोनमधून ऐकू गेलं. "मंग डोस वाढवा ताई! वाढवा!"